मशीनवाल्याची जागा

बारामतीजवळच्या जळोचीत गेणबा सोनवणे कुठं राहतो म्हणून विचारलं असतं, तर लोकांनी डोकं खाजवलं असतं. ऑपरेटर म्हटलं की मात्र शेंबडं पोरगंसुद्धा थेट दारात नेऊन सोडायचं. गड्याची साठी उलटली, तंबूची टॉकीज बंद पडली, मशीन भंगारात गेलं, पण नाव काही सुटलं नाही. त्यालाही ते सोडवत नव्हतं म्हणा.

ज्यांनी तंबूतला पिक्चर बघितला नाही त्यांना थोडं सांगायला पाहिजे. दिवाळी झाली की टॉकीजच्या मालकाची गाडी निघायची, ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत इंदापूर, भिगवण, सांगवी अशी जत्रांमागं हिंडायची. तंबूत गाडी उभी करायची, गाडीच्या पोटात पिक्चर दाखवायचं मशीन, समोर लांब पडदा. एका अंगाला गडीमाणसं, एका अंगाला बाया, मध्ये दोर. नवराबायको एकाच बैलगाडीतनं आली तरी दोरापाशी फुटायची, ती पिक्चर सुटल्यावरच भेटायची. आणि ऑपरेटर? तो ना इकडचा ना तिकडचा. तो आपला गाडीत, मशीनच्या धगीला उभा.

लोकांना वाटायचं, काय मजा आहे बुवा या माणसाची, रोज फुकटात पिक्चर. कसली मजा आणि कसलं काय! मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळायच्या. जळतील तशा त्या हातानं पुढं सरकवायच्या. जरा नजर हलली की पडदा पिवळा पडायचा, आणि पडदा पिवळा पडला की पब्लिक ऑपरेटरच्या आईबापाचा उद्धार करायचं. रीळ तुटलं तर मग ढेकळंच. त्यामुळं गेणबा सगळा जन्म उजेड बघत राहिला, पिक्चर त्यानं बघितलाच नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. तिच्यापुढं तो मिशीवरनं हात फिरवून, समदे पिक्चर पाठ हायत म्हणून सांगायचा.

बायकोचं नाव सारजाबाई. जवळपास कुठं तंबू लागला की पोराला काखोटीला मारून ती यायची आणि बायांच्या बाजूला अगदी शेवटी, गाडीच्या चाकाला पाठ लावून बसायची. पुढं जागा रिकामी असली तरी पुढं सरकायची नाही. बाया चेष्टा करायच्या की हिला नवऱ्याशिवाय करमत न्हाय. ती नुसती हसायची. पिक्चर सुटला की रिळं गुंडाळणाऱ्या नवऱ्याच्या हातात भाकरीचं फडकं द्यायची आणि बायांच्या घोळक्यातनं घरी जायची. एवढा संसार झाला, पण दोघांनी शेजारी बसून एक पिक्चर कधी बघितला नाही.

पुढं घरोघरी केबल आली आणि तंबू बसला. गेणबा घरी आला. आता बायकोशेजारी बसायचे दिवस आले म्हणावं, तर तिचे डोळे गेले. काचबिंदू. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की गेलेली नजर माघारी येत नसते. बाहेर आल्यावर सारजाबाईच म्हणाली की चला, एस. टी. चुकंल.

बाई खमकी. तिनं सगळं घर बोटांनी पाठ केलं. उंबऱ्यापासून खाट, खाटेपासून भिंत, भिंतीच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ. भाकरी थापायची, भांडी घासायची, कुणाची मदत घ्यायची नाही. पण एक गोष्ट तिला जमेना. मुलगा संघपाल एमआयडीसीत कामाला लागला होता, त्यानं रंगीत टीव्ही घेतलेला. संध्याकाळी सगळे टीव्हीपुढं बसायचे, हसायचे. सारजाबाई विचारायची की काय झालं. सून करुणा बिचारी सांगायला लागायची, तेवढ्यात पुढचं निघून जायचं आणि सगळे परत हसायचे. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. मग टीव्ही लागला की मागच्या पडवीत जाऊन बसायला लागली. मग जेवायलाही पडवीतच. बोलणं तुटत तुटत हूं आणि न्हाय एवढ्यावर आलं. ही बाई घरात असून घरातनं चालली, असं गेणबाला वाटायला लागलं आणि ते त्याला सहन होईना.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. संघपालनं व्हीसीडी प्लेयर आणला आणि जेवताना कंपनीतल्या साहेबांच्या घरचं कौतुक सांगायला लागला. म्हणाला, त्यांच्याकडं होम थिएटर आहे. पुढं आवाजाचे डबे, मागं डबे, माणूस मध्ये. घोडा मागनं येतो आणि कानाजवळनं पुढं जातो. पाऊस सगळीकडनं पडतो. डोळे मिटून बसलं तरी सगळं कळतं. गेणबाचा घास हातातच राहिला.

"डोळं मिटून बी?" त्यानं विचारलं.

"व्हय आबा. डोळं मिटूनच जास्ती कळतं."

झालं. दुसऱ्या दिवशी म्हातारा बारामतीच्या बाजारात. दुकानात कंपनीचा चकचकीत सेट होता, संघपाल म्हणत होता हप्त्यानं घेऊ. गेणबानं तो उलटा करून बघितला, मागं कुठं स्क्रू दिसेना, तेव्हा त्यानं तो खाली ठेवला. जी वस्तू उघडता येत नाही ती बिघडली की माणसानं काय तिच्यापुढं हात जोडून बसायचं? तंबूत त्याला अशी सवय नव्हती. शिवाय तो सेट त्यांच्या ऐपतीचाही नव्हता, आणि हे पोराला तोंडावर सांगण्यापेक्षा स्क्रूचं सांगणं सोपं होतं.

तिथनं तो गेला एस. टी. स्टँडमागं, बिरदेवकडं. बिरदेव वरकुट्याचा. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, आणि हा गडी रेडिओ, टेप, पिठाच्या गिरणीची मोटार, जे येईल ते दुरुस्त करायचा. त्यानं जिव्हाळ्यानं सगळं समजावून सांगितलं. मोडक्या टेपरेकॉर्डरचे चांगले स्पीकर निवडायचे. दोन टीव्हीच्या अंगाला, एक मधोमध बोलण्यासाठी, दोन बसणाऱ्याच्या मागं. मागच्यांना सगळा आवाज द्यायचाच नाही, डाव्या आणि उजव्या आवाजात जो फरक असतो तेवढाच द्यायचा, म्हणजे पाऊस-वारा मागं जातो आणि माणसांचं बोलणं पुढं राहतं. ॲम्प्लिफायर तो स्वतः जोडून देणार होता. राहिला जड आवाज, ढगाचा, ढोलाचा. त्याला लाकडी खोकं महाग पडतं. पण भाजलेल्या माठाच्या तोंडावर मोठा स्पीकर बसवला तर असा घुमतो की विचारू नका.

गेणबा खूश. इंदापूरच्या बाजारात जाऊन त्यानं माठ निवडला, तोही बायांसारखा बोटानं वाजवून वाजवून. कुंभारीण म्हणाली, बाबा, पाणी प्यायचंय का भजन करायचंय?

मग घरात जो धिंगाणा सुरू झाला त्याला तोड नव्हती. मधला डबा टीव्हीच्या वर ठेवा असं बिरदेवनं सांगितलेलं, पण टीव्हीच्या वर बाबासाहेबांची तसबीर आणि फळीवर बुद्धाची मूर्ती. ती हलवायचा विषयच नव्हता. डबा खाली चौरंगावर आला. जमिनीवरनं वायर न्यायची नाही असा गेणबाचा हुकूम होता, सारजाच्या पायात येईल. म्हणून सगळ्या वायरी भिंतीवरनं, खिळे ठोकून, दाराच्या चौकटीवरनं फिरवल्या. एवढी काळजी घेतली. आणि मग स्वतःच शेण खाल्लं. कोपऱ्यात जास्ती घुमेल म्हणून आवाजाच्या माठाला कोपरा पाहिजे होता. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, आणि वायरीजवळ ओल नको, म्हणून त्यानं पाण्याचा माठ उचलून पडवीत नेला आणि त्याच तिवईवर आवाजाचा माठ ठेवला. करुणाला सांगितलं, संघपालला सांगितलं, शेजाऱ्यांनाही सांगितलं. जिला सांगायचं तिलाच सांगायचं राहिलं.

दुपारी सारजाबाईला तहान लागली. उंबरा, खाट, भिंत, कोपरा. हाताला माठाचा काठ लागला, आणि तिनं नेहमीसारखा तांब्या आत घातला. टर्रकन स्पीकरचा कागद फाटला. गेणबा धावत आला तर ती तशीच उभी, एका हातात कोरडा तांब्या आणि दुसऱ्या हाताची बोटं फाटक्या स्पीकरात. काय झालं ते तिला कळेना. कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की गेणबाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"डोळं गेलं तवा मी रडले न्हाय," ती म्हणाली. "माझी पाण्याची जागा तेवढी हलवू नका."

एवढं बोलून ती पडवीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. घरात कुणी जेवलं नाही. गेणबानं पाण्याचा माठ जागच्या जागी आणून ठेवला, त्यात पाणी भरलं, दोनदा हात लावून जागा बरोबर आहे का बघितली. फाटका स्पीकर घेऊन बिरदेवकडं गेला. बिरदेवनं नवा कागद चिकटवला, आणि म्हणाला की जड आवाज कुठनं येतो ते कानाला कळतच न्हाय, माठ खाटंखाली ठेवला असता तरी चाललं असतं. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं गेणबाच्या तोंडावर आलं होतं. पण चूक आपली, बिरदेवला बोलून काय उपयोग?

आठवडाभर सारजाबाई पुढच्या खोलीत फक्त पाण्यापुरती आली. गेणबानं तिला बोलावलंही नाही. बोलावणार कुठल्या तोंडानं? तो आपला गुपचूप डबे लावत बसला. पण डबे लावणं म्हणजे नुसतं ठोकणं नव्हे, सगळ्यांचे आवाज सारखे यायला पाहिजेत, आणि इथं म्हाताऱ्याची गाडी अडली. मशीनच्या खडखडाटानं त्याचा उजवा कान कधीच बहिरा झाला होता. तो एका डब्यापाशी जायचा, डावा कान लावायचा, परत मागं यायचा, बटण पिळायचा, परत डब्यापाशी. गाण्याची सीडी लावून सकाळपासनं हाच खेळ. करुणा हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली.

शेवटी पडवीतनं आवाज आला.

"उजवीकडचा मागचा लई वराडतोय."

गेणबा जागच्या जागी थांबला. मग त्यानं बटण कमी केलं. थोड्या वेळानं परत पडवीतनं, आता डावीकडचा गप झाला म्हणून. त्यानं डावा वाढवला. ती म्हणाली की लई झाला. त्यानं कमी केला. ती म्हणाली तुमाला कानात काय झालंय का? आणि मग तिला राहवेना. तणतणत उठली, उंबरा, खाट, खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि ट्रॅफिकच्या हवालदारासारखा हात करून सांगायला लागली. ह्यो मागं सरकवा. ह्यो खाली. ह्येचं तोंड माझ्याकडं करा, भिंतीकडं काय बघतोय? गेणबा स्टुलावर चढायचा, उतरायचा, घाम पुसायचा. आठवडाभरात ती एवढं बोलली नव्हती. त्याचे पाय दुखत होते, पण तो मुद्दाम एखादं बटण चुकीचं फिरवायचा, म्हणजे ती अजून बोलेल.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, करुणानं मेणबत्ती बाजूला ठेवली, आणि संघपालनं भाड्यानं आणलेली नव्या पिक्चरची सीडी लावली. बिरदेवनं बजावलं होतं की बसणाऱ्याचं डोकं सगळ्या डब्यांच्या बरोबर मध्ये पाहिजे, म्हणून गेणबानं मोजून मापून तिथं एक खुर्ची मांडली होती. सारजाबाई तिच्यावर बसली. पदर सावरला, हात मांडीवर. संघपाल आणि करुणा भिंतीकडेला सतरंजीवर.

करुणानंच विचारलं की आबा, तुमी कुठं बसणार? गेणबा म्हणाला की माझं काय, मी हाय हितं. आणि तो खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिला, हातात रिमोट, पाय जरा फाकवून. जागेचं त्यानं एवढं गणित केलं, पण त्यात स्वतःची जागा धरलीच नव्हती. आयुष्यभर कधी धरली नव्हती तर आज कुठनं सुचणार?

पिक्चर सुरू झाला. आधी वारा आला, डावीकडनं उजवीकडं. मग पाऊस, पत्र्यावर पडावा तसा, पुढं, मागं, डोक्यावर. खाटेखालचा माठ गडगडला आणि करुणा दचकली. मागनं एक घोडा आला, सारजाबाईच्या कानाजवळनं दौडत गेला आणि टीव्हीत शिरला. सारजाबाईनं त्याच्याबरोबर मान फिरवली. तिचा चेहरा फुलत गेला. गेणबाला तिचा चेहरा दिसत नव्हता, तो मागं होता. पण संघपालनं बापाकडं बघून मान हलवली तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. जमलं बुवा, त्यानं मनाशी म्हटलं.

पण थोड्याच वेळात सारजाबाईनं तोंड मागं वळवलं. पुढं कोण तरी भांडत होतं, ती मात्र मागं कान देऊन बसली. परत पुढं. परत मागं. गेणबानं रिमोट पुढं केला. त्यानं पिक्चर थांबवला.

"काय गं? मागचा डबा गप झाला का?"

"डबं समदं बोलत्यात," ती म्हणाली. "मशीन बोलंना."

"कसलं मशीन?"

"तुमचं. मागनं यायचं न्हाय का, खडखड, खडखड. मी चाकाला पाठ लावून तेवढंच ऐकायची. ठेका जरा चुकला की वाटायचं, आता लोक शिव्या घालणार माझ्या माणसाला. पिक्चरकडं ध्यान कुणाचं?" ती जरा थांबली. "तुमाला समदे पिक्चर पाठ हायत. मला एक बी ठावं न्हाय."

गेणबा रिमोटकडं बघत राहिला. एवढी वर्षं जे मिशीखाली दडवलं होतं ते आता दडवून काय करायचं?

"सारजे, मला बी न्हाय," तो म्हणाला. "मी उजेड बघायचो."

सारजाबाईला आधी ते नीट कळलं नाही. कळलं तशी ती हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, अंग हलवत. करुणाला वाटलं सासूबाई रडतायत, म्हणून ती उठली, तर तिलाही हसू फुटलं. गेणबा उभ्या उभ्या ओशाळून हसला. मग म्हणाला की तुला खडखड पायजे असंल तर जुना पंखा आणून मागं लावतो, तो तसाच वाजतो.

"मशीन नगं," सारजाबाई म्हणाली. "मशीनवाला हितं बसू द्या."

मधोमध खुर्ची एकच. ती तिनंच हातानं बाजूला ढकलली आणि खाली सतरंजीवर बसली, आणि शेजारची जागा तळव्यानं थोपटली. बिरदेवचं सगळं गणित बोंबललं. कुणाचंच डोकं आता बरोबर मध्ये नव्हतं, मागचे डबे वरनं बोलणार होते. गेणबा गुडघ्यावर हात ठेवत खाली बसला. दोघांच्या मध्ये दोर नव्हता आणि त्याला कसं बसावं ते कळेना. सारजाबाईनं त्याच्या हातातला रिमोट चाचपून काढून घेतला, संघपालकडं धरला, आणि पहिल्यापास्नं लाव म्हणाली.

परत वारा आला. परत पाऊस. माठ गडगडला.

"सांगा," ती म्हणाली. "काय दिसतंय?"

गेणबानं सवयीनं डोळे बारीक केले.

"उजेड बरा हाय. पिवळा न्हाय."

"उजेड नगा सांगू. पिक्चर सांगा."

गेणबा जरा पुढं सरकला. टीव्हीत पावसात कोणतरी उभं होतं.

"थांब," तो म्हणाला. "बघू दे मला."